भिजत घोंगडं झालेलं वेबकॉमिक: संपवायचं की हळूहळू रेटायचं, हे ठरवायचं कसं

माझ्या वेबकॉमिकमधली, म्हणजे नेटवर एकेक पान टाकत चालवलेल्या चित्रकथेतली, एसटी कोल्हापूर स्टँडवरून सुटली २०१६ च्या दिवाळीत. रात्रीची शेवटची गाडी, गगनबावडा मार्गे वैभववाडी, आत अकरा पॅसेंजर, एक कंडक्टर आणि एका आजींच्या पाटीत कोंबडी. २०१८ ला गाडी करूळ घाटाला लागली आणि मग घाटातच राहिली. म्हणजे मी बंद केलं नव्हतं हां, पानं येत होती, कधी आठवड्याला कधी दीड महिन्याला, पण गोष्टीत रात्रीचे पावणेतीन वाजलेले ते वाजलेलेच. मागच्या वर्षी एकाने खाली लिहिलं, "ताई, गाडी अजून घाटातच आहे का? डिझेल संपलं असेल एव्हाना." आधी हसले, मग दोन दिवस डोक्यातून जाईना.

तर त्यानंतर मी जे काही केलं ते इथे लिहितेय, कारण अशी अर्धवट गाडी घाटात उभी करून बसलेले माझ्यासारखे अजून बरेच जण आहेत आणि सगळे एकमेकांना एवढंच विचारत असतात की "बंद करू का रे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. आधी थोडं मोजावं लागतं.

शेवट लागतोच का, ते आधी बघा

प्रत्येक कॉमिकला शेवट लागत नाही. आपला चिंटू १९९१ पासून आहे, तो दहावीला कधी बसणार असं कोणी विचारत नाही. तिकडे रायन नॉर्थ २००३ पासून डायनासोर कॉमिक्समध्ये तेच सहा पॅनल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, वापरतोय, डायनासोर तेच, पाय उचलायची पोज तीच, फक्त बोलणं नवीन. तुमचं असं काही असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, कंटाळा आला की थांबा, हुक्की आली की परत सुरू करा, कोणाचं काही देणं लागत नाही तुम्ही.

मग चाळीटाइप कॉमिक असतात, जिथे बिऱ्हाडं बदलतात पण चाळ चालू राहते. जेफ जॅक्सचं क्वेश्चनेबल कंटेंट बघा, हेही २००३ चंच, सोमवार ते शुक्रवार, पाच हजारांवर स्ट्रिप झाल्या. सुरू झालं तेव्हा बँड आणि गाण्यांवर वाद घालणारी पोरंपोरी होती, आता निम्मे रोबो आहेत आणि त्यांच्या नोकऱ्या, त्यांची लफडी. ज्यांना जुनं आवडायचं त्यातले काही गेले, नवीन आले, पण तिथे कोणी शेवट मागायला येत नाही कारण पहिल्या पानावर कसला प्रश्नच टाकलेला नव्हता.

गोची होते ती आपल्यासारख्यांची ज्यांनी पहिल्याच पानावर वाचकाला प्रश्न दिलाय. गाडी पोचणार का? खून कोणी केला? पोरगी घरी परत येणार का? तो प्रश्न तुम्ही टाकलाय ना, मग उत्तर द्यायचं ते तुमच्याच डोक्यावर, आज द्या नाहीतर दहा वर्षांनी.

वही घ्या आणि मागची पन्नास पानं मोजा

खरंखुरं मोजा, अंदाजे नको. आर्काइव्ह, म्हणजे जुन्या पानांचा साठा, उघडा, मागून पन्नास पानं मागे जा आणि एकेका पानासमोर एक ओळ लिहा: या पानानंतर असं काय बदललं जे आता मागे घेता येणार नाही. कोणाला काहीतरी कळलं, कोणी उतरून गेलं, काहीतरी मोडलं, कोणी खोटं बोललं आणि ते पकडलं गेलं, असलं काही. बदललं नसेल तर शून्य.

माझ्या वहीत पन्नासातल्या चाळीस ओळींवर शून्य आलं. बाकी दहात पण "आजी जागी झाली" आणि चार पानांनंतर "आजी परत झोपली" हे दोन मी मारून मुटकून बदल म्हणून धरले होते. मधल्या पानांत काय होतं? बडबड. पॅसेंजर एकमेकांशी छान छान बोलतायत, मला लिहायला मजा येत होती, वाचकांनाही त्या त्या दिवशी आवडत होतं, पण गाडी तसूभर पुढे नाही. सिरियलवाले पाणी घालून वाढवतात म्हणून आपण नावं ठेवतो ना, मी तेच फुकटात करत होते.

पन्नासात दहा-बारा खरे बदल निघाले तर तुमचं कॉमिक हळू असलं तरी जिवंत आहे. चार-पाच निघाले तर ते हळू नाहीये, थांबलंय, आणि तुम्ही बोनेटवर फडकं मारताय.

हळू चालतं, पण वाचकाला बोटांवर मोजता आलं पाहिजे

रिच बर्ल्यूचं ऑर्डर ऑफ द स्टिक. २००३ पासून चालू, काड्यांची माणसं, अपडेटचा ठरलेला वार नाही, मधे दोन दोन आठवडे पान येत नाही. २०१२ मध्ये त्याने प्रती संपलेली जुनी पुस्तकं परत छापायला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ५७,७५० डॉलर मागितले आणि साडेबारा लाखांच्या वर जमले, आणि त्याच वर्षी गड्याच्या हातालाच मोठी जखम झाली, कॉमिक बराच काळ ठप्प. तरी लोक टिकून राहिले. का टिकले याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं त्याचं कारण विनोद किंवा कॅरेक्टर एवढंच नाहीये, कारण तेवढं बऱ्याच बंद पडलेल्या कॉमिकमध्ये पण होतं. कारण आहे ते पाच गेट्स. जग गिळणाऱ्या एका राक्षसाला कोंडून ठेवलंय आणि त्याच्यावर पाच गेट आहेत, एक गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेलं, मग एकेक करून आपल्या डोळ्यांदेखत तीन फुटतात, आता शेवटचं उरलंय. बास. सहा महिन्यांनी परत आलेल्या वाचकालाही एका मिनिटात कळतं की आपण कुठवर आलोय आणि किती राहिलंय.

याच्या उलट मेगाटोक्यो. २००० सालचं, दोन अमेरिकन पोरं टोक्योत अडकतात आणि परतीच्या तिकिटाला पैसे नसतात, एके काळी चिक्कार वाचलं जायचं. पुढे चित्रं देखणी होत गेली आणि पानं विरळ होत गेली. नुसतं विरळ झालं असतं तर मी वाट बघत राहिले असते, पण मला वाचताना कळेनासंच झालं की काय झालं म्हणजे ही गोष्ट संपली म्हणायची. मी कुठल्या वर्षी सोडलं तेही आठवत नाही, आणि वाचक जातो तो असाच जातो, सांगून जात नाही.

त्यामुळे हळू चालवायचं असेल तर पहिलं काम हे करा की गोष्टीत मैलाचे दगड लावा. मी काय केलं, घाटातल्या वळणांना नंबर दिले. खऱ्या घाटात असतात की नसतात ते सोडा, माझ्या घाटात आता प्रत्येक वळणावर पिवळी पाटी आहे आणि वळणं सोळाच आहेत. त्या पाट्या लावल्यापासून "कधी संपणार" हा प्रश्न जवळजवळ बंद झाला आणि "बाराव्या वळणावर काय आहे" हा सुरू झाला. पानं येण्याचा वेग तेव्हा तोच होता हां, एक पैशाने वाढला नव्हता.

शेवटचं पान आजच काढा

छान फिनिशिंग करून नाही, थंबनेल, म्हणजे छोटं कच्चं चित्र, पुरे, पाठकोऱ्या कागदावर काड्यांची माणसं. पण काढाच, "डोक्यात आहे" हे चालणार नाही, माझ्या डोक्यात सात वर्षं होतं आणि कागदावर काढायला बसले तेव्हा कळलं की डोक्यात फक्त एक मूड होता, पहाट, धुकं, लांबून कोंबडा, वगैरे. कोण कुठे उभंय, कोण कोणाला काय म्हणतंय, काही नव्हतं. तीन संध्याकाळी गेल्या एका पानाला.

ते पान झालं की तिथून उलटं या. हे घडायला याच्या आधी काय घडलेलं पाहिजे, त्याच्या आधी काय, असं करत आजच्या पानापर्यंत. माझे अडतीस प्रसंग निघाले. आता जुन्या आर्काइव्हमधून बघा तुमचा एक प्रसंग सरासरी किती पानं खातो, माझा सात खातो. अडतीस साते दोनशे सहासष्ट. त्यात एक तृतीयांश वाढवा कारण प्रसंग फुगतोच, दरवेळी फुगतो, म्हणजे झाली साधारण साडेतीनशे पान. आणि मग मागच्या बारा महिन्यांत खरोखर किती पानं टाकली ते मोजा. वर्षाला पन्नास टाकते असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे, मोजली तर एकतीस.

साडेतीनशे भागिले एकतीस, सव्वाअकरा वर्षं. माझी मुलगी आत्ता सिनियर केजीत आहे, गाडी वैभववाडीला पोचेल तेव्हा ती अकरावीत असेल.

हा आकडा कागदावर बघणं फार गरजेचं आहे. माझा हिशोब असा आहे की तीन वर्षांच्या आत येत असेल तर काहीच बदलू नका, गपचूप काढत राहा. तीन ते सात असेल तर कापाकापी करायची. सातच्या वर असेल तर तुम्ही सध्या जी गोष्ट सांगताय ती तुमच्याच्याने पुरी होणार नाही, हे मान्य करा आणि छोटी गोष्ट शोधा. मनगटाचा प्रश्न पण आहे, तो चाळिशीनंतर वाढतो, आणि नोकरी, आईवडलांची आजारपणं, हे सगळं त्याच सात वर्षांत येणारंय.

काय कापायचं ते तुम्ही ठरवू नका

तुम्हाला सगळंच महत्त्वाचं वाटणार. असा एक वाचक पकडा ज्याने तुमचं कॉमिक वाचलंय पण वर्षभर उघडलेलं नाही, आणि त्याला सांगा की मला ही गोष्ट आठवेल तशी सांग. मधे बोलायचं नाही. सुधारायचं नाही. चहा द्या आणि ऐका.

मी मावसभावाला बसवलं. त्याला कोंबडी आठवत होती. निकालाच्या भीतीने पळून आलेला मुलगा आठवत होता, आणि त्याच्या खिशातला न उघडलेला निकालाचा कागद. कंडक्टर कोणाकडूनच सुट्टे पैसे घेत नाही हे आठवत होतं आणि "तो का घेत नाही ते सांगितलंस का गं तू?" असं त्यानेच मला विचारलं. ड्रायव्हरचा हरवलेला भाऊ, ज्याच्यावर मी सत्तर पानं घातली होती, जुन्या फोटोचे फ्लॅशबॅक, सेपियात रंगवलेले, तो त्याला अजिबात आठवत नव्हता. मी हळूच म्हटलं, "अरे आणि तो भाऊ?" तर म्हणे, "कुठला भाऊ?"

भावाचे प्रसंग गेले. लोकांना जे आठवतं त्याचं उत्तर द्यावं लागतं, जे आठवत नाही ते एका पॅनलमध्ये मिटवता येतं, आणि खरं सांगायचं तर नाही मिटवलं तरी चालतं. अडतीसचे चौदा प्रसंग राहिले. चौदा साते अठ्ठ्याण्णव, वर एक तृतीयांश, एकशे तीस पानं.

तरी एकतीसच्या वेगाने चार वर्षं होतातच, मग वेळ कुठे जातो ते बघितलं, घड्याळ लावून. एका पानाला नऊ तास. त्यातले जवळजवळ चार खिडकीबाहेरच्या झाडांना! रात्रीचे पावणेतीन, पावसाळा, बसच्या आत दिवा चालू, बाहेरचं काय डोंबल दिसणारे? खिडक्या काळ्या करून टाकल्या. एकानेही विचारलं नाही की झाडं कुठे गेली. पान पाच तासांत होतं आता, वर्षाला पन्नास निघतील असं दिसतंय, म्हणजे अडीच वर्षं आणि वर थोडं. तुमच्याकडेही अशी झाडं असतील, शोधा, कोणाच्या केसांचे हायलाइट, कोणाच्या शर्टावरच्या चौकटी.

कापवतच नसेल तर

मग जॉन ॲलिसनचा रस्ता. त्याचं स्केअरी गो राउंड २००२ ला सुरू झालं, २००९ ला त्याने रीतसर बंद केलं, आणि त्याच टॅकलफर्ड गावात शाळेतल्या पोरांना घेऊन बॅड मशिनरी सुरू केलं. जुन्यातली एस्थर कॉलेजला गेली आणि तिचं जायंट डेज झालं, ते तर २०१५ ते २०१९ छापील मासिक अंकांत निघालं. गाव तेच, नवीन वाचकाला मात्र पहिल्या पानापासून चढता येतं. तुमचं जग तुम्हाला आवडतं आणि कथानक नको झालंय असं असेल, आणि बऱ्याचदा तेच असतं, तर चालू प्रश्नाचं उत्तर वीस पानांत देऊन टाका आणि त्याच गावात नवीन गोष्ट काढा.

हळू चालवायचंच ठरलं तर या गोष्टी पाळा

आठवड्याला एक सुटं पान टाकण्यापेक्षा अख्खा प्रसंग झाला की एकदम टाका, पाच-सहा पानं. एका पानात अर्धं वाक्य आणि पुढचं अर्धं तीन आठवड्यांनी, हे वाचकाला लक्षात ठेवायला लावणं अन्याय आहे. प्रसंगाच्या डोक्यावर दोन ओळींत "आत्तापर्यंत" लिहा, पेपरातल्या क्रमशः कादंबरीला असायचं तसं.

तारीख देऊ नका. दिली की चुकते आणि चुकली की माफी मागावी लागते, आणि माफीची पोस्ट हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. नवीन वाचक येतो तर त्याला कॉमिकच्या आधी तुमच्या सर्दीखोकल्याच्या आणि ऑफिसच्या ऑडिटच्या बारा पोस्ट दिसतात. मी स्वतः लिहिल्यात असल्या, सगळ्या उडवल्या.

आणि जुनी पानं परत काढायला बसू नका!! हा रोग आहे. दहा वर्षांत हात सुधारतो, पहिली पानं बघवत नाहीत, मग वाटतं की एवढी पहिली चाळीस नीट करू आणि मग पुढे जाऊ. ती चाळीस होईपर्यंत हात अजून सुधारलेला असतो.

पैशाचं: लोक महिन्याला काही देत असतील तर मोठ्या ब्रेकमध्ये त्या महिन्याचं बिलिंग थांबवा, सोय असते. काही न टाकता पैसे घेतले की तुम्हालाच त्या कॉमिकची भीती वाटायला लागते, उघडवत नाही.

संपवायचं ठरलं तर

आधी शेवटची वीस-पंचवीस पानं काढून हातात ठेवा, मग जाहीर करा. जाहीर करून काढायला बसलात तर शेवट घाईत होतो.

हॉवर्ड टेलरचं श्लॉक मर्सेनरी १२ जून २००० ला सुरू झालं आणि जुलै २०२० ला संपलं, वीस वर्षं रोज, एकही दिवस चुकवला नाही. ते सोडा, तो माणूस वेगळ्याच मातीचा. आपल्याला जास्त उपयोगी आहे होमस्टक हे वेबकॉमिक. १३ एप्रिल २००९ ला सुरू, १३ एप्रिल २०१६ ला बरोबर सातव्या वाढदिवशी शेवट, आठ हजारांवर पानं. आणि शेवट म्हणजे शब्दच नसलेलं एक भलंमोठं ॲनिमेशन. दिसायला जबरदस्त, पण अमक्याचं काय झालं, तमकी कुठे गेली, यावर लोक पुढची कित्येक वर्षं भांडत बसले. आतषबाजी करायची तर करा, पण लोकांना आठवणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तिच्या आधीच देऊन झालेली असू देत. माझा कंडक्टर सुट्टे का घेत नाही ते तेराव्या वळणावर कळेल, शेवटच्या पानावर नाही.

संपलेल्या कॉमिकला कोण विचारतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: उर्सुला व्हर्ननचं डिगर, वॉम्बॅट या बिळं खणणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्राण्याची गोष्ट, २०११ ला संपली, आणि विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा २०१२ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. पुरी झालेली गोष्ट एखादा रविवारी बसून सलग वाचू शकतो आणि दुसऱ्याला लिंक पाठवू शकतो. अर्धवट गोष्टीची लिंक पाठवताना "पण अजून चालू आहे हां" असं जोडावं लागतं आणि तिथेच समोरचा ती बंद करतो.

आणि हात खरंच गेला, किंवा मनच उडालं, तर राहिलेली गोष्ट साध्या शब्दांत लिहून टाकून द्या. दोन पानी मजकूर, सोबत जमतील तेवढी थंबनेल. लोक चिडत नाहीत, मी वाचक म्हणून सांगते, बरं वाटतं.

शेवटी झाडलोट. सगळी मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क घराबाहेर, बहिणीकडे वगैरे. मी सुरुवातीला ज्या फुकटच्या साइटवर होते ती एक दिवस न सांगता बंद पडली, पानं माझ्याकडे होती पण पहिल्या दोन वर्षांचं लोकांचं बोलणं गेलं ते गेलंच. डोमेनचे पैसे एकदम पाच-दहा वर्षांचे भरता येतात, भरून टाका, संपलेलं कॉमिक रिन्यू करायचं लक्षात राहत नाही.

आणि शेवटच्या पानावरचं "पुढे" बटण काढायला विसरू नका. ते तसंच राहिलं तर लोक दाबत बसतात, त्यांना वाटतं नेट गेलंय. पहिल्या पानाकडे वळवलं तर उत्तम. मी माझं करून ठेवलंय, "पुढे" च्या जागी "उतरा" असं लिहिलंय, एसटीच्या लाल रंगात, आणि ते दाबलं की परत कोल्हापूर स्टँड. सध्या गाडी सातव्या वळणावर आहे.